तापा

रोसारिओत जुलैची थंडी. गॅरेजचं शटर अर्धंच वर.
एउलोखिओ हातगाडी फुटपाथला लावतो:
केळ्यांची खोकी, बुटांची, टीव्हीची,
आणि फ्रिजचं एक, ज्यात त्याची नात यामिला
अजून झोपलेली.
डेल्फिना वजन करते. भंगारवाल्याच्या तिप्पट भाव देतो आम्ही,
म्हणून तोही निवडून आणतो, कोरडी, न चेपलेली.
"हिच्यावर पुस्तक ताठ उभं राहील,"
एकेक खोकं असं पुढे करतो
जणू सोयरीक घेऊन आलाय.

आमच्याकडे मुखपृष्ठाला म्हणतात तापा.
पातेल्यावरच्या झाकणालाही तापाच.
मला हे फार पटतं.
आत काहीतरी रटरटत असतं,
बाहेर फक्त कडेची वाफ.
रंगाने तेवढीच दाखवावी.

माझी शाळा सातवीत सुटली. कविता कळतातच असं नाही.
डेल्फिना मोठ्याने वाचते, मी पुठ्ठा कापते,
मध्येच एखादी ओळ माशाच्या काट्यासारखी अडकते,
घशात नाही, मनगटात.
ती ओळ मी कधीच काढत नाही.
तिच्या शेजारी काय पडलं असेल, ते काढते.
कवितेत नदी असली तर बादली.
आई गेलेली असली तर चार बटणं.
एक कवी रागावून आला होता,
माझ्या पुस्तकात बटणं कुठायत, म्हणाला.
मी म्हटलं, शोधा.

मोठ्या दुकानांतली मुखपृष्ठंही मी बघते,
काचेला नाक लावून.
गुळगुळीत, एकासारखी एक, गणवेशातली.
सुंदर असतात, खोटं कशाला बोलू?
एक होतं, अख्खं काळं,
खाली कोपऱ्यात नखाएवढी पिवळी खिडकी.
त्या खिडकीपायी मी दोन बस सोडल्या.
पुस्तक घेतलं नाही.
कुणीतरी तिथे अजून जागं आहे, एवढं मात्र
घरी घेऊन आले.

आणि लोक विचारतात, तुझं स्वतःचं आवडतं कोणतं?
एका हिवाळ्यात चारशे रंगवते. एकही दुसऱ्यासारखं नाही.
आवडतं म्हणाल तर एक फसलेलं आहे.

निळ्यात पाणी जास्त झालं होतं.
पक्षी काढला, तर पंखातून खोक्यावरची छापील अक्षरं वर आली:
"ही बाजू वर", आणि जाडजूड बाण.
लाज वाटून मी ते चौकातल्या बाजारात
टेबलाच्या अगदी मागे ठेवलं,
इतरांच्या आडोशाला.
एउलोखिओने नेमकं तेच ओढलं.
पक्षी पाहिला. बाण पाहिला.
मग तापा उघडून आतली बाजू, जिथे मी रंग देत नाही.
तिथे पेन्सिलीने आकडे होते, एकाखाली एक,
चार किलो, अकरा, साडेसहा, खाली रेघ,
बेरीज चुकलेली.

"हा माझा हिशोब," तो म्हणाला.
"पूर आला होता त्या आठवड्यातला."

आम्ही म्हटलं, घेऊन जा, तुझंच आहे.
त्याने खिशातली चिल्लर टेबलावर मोजली,
एक नाणं घरंगळलं, वाकून उचललं, परत मोजली.
"खोकं होतं तेव्हा माझं होतं.
आता ते पुस्तक आहे."

एकही पान उलटलं नाही त्याने, निदान आमच्यासमोर.
कोटाच्या आत छातीशी सरकवलं,
जरा थांबला, बाहेर काढलं,
बाण वर करून पुन्हा आत ठेवलं.

तेव्हापासून निळा रंग मी पातळच कालवते.
डेल्फिनाला वाटतं, काटकसर.